आमच्या बावडीत नर्मदा येते का? भूजलाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी डॅन्यूब नदीचा किस्सा लिहिला होता. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जर्मनीत इमेंडिंगेन नावाच्या गावाजवळ ही एवढी मोठी नदी तळाच्या चुनखडकातल्या भेगांमधून खाली उतरते आणि वर्षातले कितीतरी दिवस तिथलं पात्र अक्षरशः कोरडं पडतं. मग हे पाणी जातं कुठे यावर भांडणं झाली, कारण खाली गिरण्या होत्या आणि त्यांना पाणी हवं होतं. शेवटी १८७७ मध्ये अडोल्फ क्नोप नावाच्या शास्त्रज्ञानं नदीच्या त्या भेगांमध्ये १० किलो फ्लोरेसीन हा रंग सोडला (रंग शोधून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती) आणि साधारण ६० तासांनी १२ किलोमीटरवरचा आख नावाचा झरा हिरवागार चमकायला लागला. आखचं पाणी ऱ्हाइनला मिळतं. म्हणजे डॅन्यूबचं जे पाणी काळ्या समुद्रात जायचं ते जमिनीखालून रस्ता बदलून उत्तर समुद्राकडे जात होतं.

त्यावर बरीच पत्रं आली, काहींनी फोन केले, दोघं तर घरीच आले. मी तीस वर्षं माळवा-निमाडात विहिरींची पातळी मोजत फिरलो त्यामुळे हे प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचे आहेत, जमेल तेवढी उत्तरं देतो.

सर नमस्कार, मी होळकर कॉलेजला जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या जुन्या वाड्यात बावडी आहे आणि आजी म्हणते हिच्यात नर्मदा येते, फार पूर्वी कोणी ओंकारेश्वरला सोडलेलं लिंबू हिच्यात निघालं होतं. डॅन्यूबचं वाचून आजी म्हणाली, बघ मी सांगत नव्हते! खरंच असं होऊ शकतं का?

बेटा, आधी आजींना माझा नमस्कार सांग. त्यांच्या गोष्टीतलं ते लिंबू मला फार आवडलं, कारण आम्ही ज्याला ट्रेसर म्हणतो तो हाच. पाण्यात ओळखू येईल अशी वस्तू इथे सोडायची आणि तिथे वाट बघायची. क्नोपनं रंग सोडला, लोकांनी लिंबू सोडलं. म्हणजे विचार अगदी बरोबर होता, फक्त आपला खडक त्या गोष्टीला साथ देत नाही.

पहिली अडचण उंचीची. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि नर्मदा घाटाखाली, आपल्यापेक्षा साडेतीनशे-चारशे मीटर खालून वाहते. पाणी जमिनीवर असो की जमिनीखाली, ते आपणहून चढत नाही. आपल्या नळाला नर्मदा येते ती १९७८ पासून नर्मदेकाठच्या जलूद गावाहून पंपांनी चढवून आणलेली, आणि त्यासाठी किती वीज लागते हे इंदूरकरांना सांगायला नकोच. उलट महूच्या पुढे जानापावकडे गेलीस तर तिथे पाण्याची वाटणी होते, इकडे पडलेला पाऊस चंबळमधून यमुना-गंगेकडे आणि तिकडे घाटाखाली पडलेला नर्मदेकडे.

दुसरी अडचण खडकाची, आणि मला खरं यावरच बोलायचंय. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर जमतो बघ, खरवडून काढावा लागतो, तो पाण्यात विरघळून आलेला चुना. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल होतं आणि ते चुनखडकाच्या भेगेतून जाताना भेगेच्या भिंती हळूहळू विरघळवत जातं. आता गंमत बघ, जी भेग शेजारणीपेक्षा थोडी रुंद आहे तिच्यातून जास्त पाणी जाणार, जास्त पाणी गेलं की ती अजून रुंद होणार, मग अजून जास्त पाणी, असं हजारो वर्षं चाललं की केसाएवढ्या भेगेची बोटभर नळी होते, नळीचं भुयार होतं आणि आजूबाजूच्या सगळ्या बारीक भेगांचं पाणी त्या भुयाराकडे वळतं. याला कार्स्ट म्हणतात, स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवर क्रास नावाचा प्रदेश आहे त्यावरून हे नाव पडलं. तिथली रेका नदी श्कोत्सियानच्या गुहेत शिरते आणि जमिनीखालून तीसेक किलोमीटरपेक्षा जास्त जाऊन इटलीत तिमावोच्या झऱ्यांमधून बाहेर येते.

आणि आपला माळवा? आपला बेसॉल्ट, काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. यालाही भेगा आहेत पण हा चुन्यासारखा विरघळून निघून जात नाही, याची माती होते. आपली काळी माती यातूनच आली. म्हणजे चुनखडकात पाणी भेग उघडत जातं आणि आपल्याकडे बऱ्याच वेळा पाणीच भेगेत चिकणमाती तयार करून तिला बुजवत जातं! भुयारी नदी होणार कशी. तुमच्या बावडीत पाणी येतं ते वरच्या मुरमातून आणि भेगांमधून झिरपणारं, तुमच्याच मोहल्ल्यातल्या पावसाचं, आणि माझ्या दृष्टीनं हे नर्मदा येण्यापेक्षा महत्त्वाचं आहे कारण मग ती बावडी जपणं तुमच्या हातात राहतं.

भारतात मात्र आजींच्या गोष्टीसारखं खरोखर घडतं. काश्मीरात अनंतनाग जिल्ह्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये कोकरनागजवळ ब्रेंगी नाल्याच्या पात्रात एक खड्डा पडला आणि आख्खा नाला त्यात उतरला, पुढचं पात्र कोरडं, ट्राउट मासे तडफडून मेले. तिथे खाली चुनखडक आहे, आणि ब्रेंगीचं पाणी अचबलच्या झऱ्यात निघतं असं तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत.

आम्ही सुदामा नगरला राहतो. १९९८ ला बोरिंग केली तेव्हा १८० फुटांवर दोन इंच पाणी लागलं होतं. गेल्या वर्षी मागच्या प्लॉटवाल्यांनी ५५० फूट बोरिंग केली आणि या मार्चमध्ये आमची बंद. बोरिंगवाला म्हणतो तुम्हीपण ६०० करा. त्यांनी आमचं पाणी ओढलं का?

काका, ओढलं असेल, गळलंही असेल, आणि हा दुसरा प्रकार लोकांना माहीतच नसतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या जमिनीखाली लाव्हाचे थर एकावर एक आहेत. प्रत्येक थराचा वरचा भाग बुडबुड्यांच्या छिद्रांचा, भुसभुशीत, मधला भाग टणक, आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी विटकरी लाल मातीचा पट्टा, बोरिंगच्या वेळी लाल पाणी यायला लागतं तो. पाणी राहतं वरच्या मुरमात, छिद्रांच्या भागात आणि भेगांमध्ये. लाल पट्टा आणि टणक कातळ पाण्याला खाली जाऊ देत नाहीत किंवा फार हळू जाऊ देतात. तुमचं १८० फुटांचं पाणी अशाच एका थरावर अडून बसलेलं होतं. मागच्यांनी ५५० फूट भोक पाडलं, केसिंग पाइप टाकला असेल वरच्या ४०-५० फुटांना, खाली सगळं उघडं, आणि त्या भोकानं दोन-तीन मजल्यांच्या स्लॅबला आरपार छेद गेला. वरच्या मजल्याचं पाणी त्या भोकातून खालच्या मजल्यावर पडत राहतं, मोटर चालू असो नसो, रात्रंदिवस. कधी शांत दुपारी अशा बोरिंगच्या तोंडाला कान लावा, आत धबधब्यासारखा आवाज येतो. मी तो आवाज खूप ठिकाणी ऐकलाय आणि प्रत्येक वेळी पोटात कालवतं.

आता साठा किती असतो ते पण बघा. भूजलाच्या सरकारी हिशेबात आपल्या भेगाळ, मुरमाड बेसॉल्टसाठी २ टक्के धरतात, म्हणजे १०० लिटर भिजलेला खडक घेतला तर त्यातून हाताला लागणारं पाणी २ लिटर. तुमचा प्लॉट १००० चौरस फूट असेल तर पाण्याची पातळी एक मीटर खाली गेल्यावर तुमच्या प्लॉटखालून निघतं साधारण १८५० लिटर पाणी. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांच्या घराला साडेतीन दिवस. त्यामुळे प्रत्येक बोरिंग शेजाऱ्याच्या, त्याच्याही शेजाऱ्याच्या जमिनीखालचंच पाणी घेत असते, तुमची १९९८ ची पण घेत होती.

६०० फूट करावी का? माझं मत, नको. आणखी खाली गेल्यावर कातळाच्या वजनानं भेगा आवळलेल्या असतात, पाणी लागलंच तर बहुतेक वेळा कमी लागतं आणि जुनं लागतं, भरायला वेळ घेणारं. आणि तुम्ही अजून एक भोक पाडाल ज्यातून तिसऱ्या कोणाची १८० फुटांची सुकेल. त्यापेक्षा तुमच्या छतावर दर वर्षी पाऊस किती पडतो ते मोजा. आपल्याकडे साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस होतो, १००० चौरस फुटांच्या छतावरून वाया जाणारं सोडून ७० हजार लिटरच्या आसपास पाणी हाती लागतं. ते वाळू-गिट्टीच्या फिल्टरमधून गाळून तुमच्या त्या सुकलेल्या १८० फुटांच्या बोरिंगमध्ये सोडा, ती आधीच योग्य थरापर्यंत गेलेली आहे. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर काढून द्या, आणि अंगणाचं, गाडी धुतलेलं, गटाराचं पाणी चुकूनही त्यात जाऊ देऊ नका. का ते पुढच्या पत्रात येतंच आहे. हे सगळं पाणी तुम्हालाच परत मिळेल अशी हमी मी देत नाही, थोडं मागच्यांच्या भोकातूनही जाईल, म्हणून त्यांच्याकडे जाऊन बसा, चहा घ्या आणि दोघं मिळून करा. त्यांच्या बोरिंगला लाल पट्ट्यापर्यंत केसिंग आणि बाहेरून सिमेंट भरून घेता आलं तर ती गळती थांबते. जुन्या बोरिंगमध्ये हे काम कठीण जातं, पण नवीन करणाऱ्या प्रत्येकानं सुरुवातीलाच करून घ्यायला हवं, आणि बोरिंगवाला आपणहून करत नाही, त्याच्या मागे उभं राहून करवून घ्यावं लागतं.

आमच्या कॉलनीत ड्रेनेज लाइन नाही, सगळ्यांचे सेप्टिक टँक आणि शोषखड्डे आहेत. आमची बोरिंग शेजाऱ्यांच्या शोषखड्ड्यापासून २० फुटांवर. मिस्टर म्हणतात जमीन सगळं गाळून घेते, काळजी करू नको. पण मला पटत नाही.

ताई, तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. जमीन गाळते हे खरंय पण कोणती जमीन? बारीक वाळूचा जाड थर असेल तर पाणी दाण्यादाण्यातून वाट काढत दिवसाला काही सेंटीमीटर, फार तर मीटर-दोन मीटर सरकतं, वाटेत जंतू अडकतात, मरतात. भेगेतून जाणाऱ्या पाण्याला गाळणीच नसते, ती भेग म्हणजे पाइपच. डॅन्यूबचं पाणी तासाला २०० मीटर पळत होतं हे लक्षात घ्या. आपली भेग तेवढी मोठी नाही, पण २० फुटांसाठी तेवढी मोठी लागतही नाही.

कॅनडात ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं छोटं गाव आहे, पाच हजारांच्या आसपास वस्ती. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला, जवळच्या शेतात टाकलेल्या शेणखतातले ई. कोलाय जंतू गावाच्या एका उथळ विहिरीत पोचले, त्या विहिरीला पाणी वरच्या भेगाळ चुनखडकातून यायचं. क्लोरीन पुरेसं नव्हतं. ७ माणसं गेली आणि २३०० हून जास्त आजारी पडली. नंतर तिथे रंग सोडून तपासलं तेव्हा कळलं की पाणी कॉम्प्युटर मॉडेलनं सांगितलेल्यापेक्षा कितीतरी पटीनं वेगात चाललंय, कारण मॉडेलमध्ये तो खडक वाळूसारखा धरला होता. मला या घटनेचं इतकं वाटतं कारण चूक अगदी तुमच्या मिस्टरांसारखीच होती, जमीन गाळून घेईल ही.

तेव्हा आता करायचं काय. पिण्याचं पाणी नर्मदेचं येत असेल तर बोरिंगचं फक्त वापरायला ठेवा. प्यायलाही बोरिंगचंच असेल तर उकळून घ्या, एकदा आता आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच जंतूंची टेस्ट करून घ्या, उन्हाळ्यातली टेस्ट चांगली आली म्हणून निश्चिंत होऊ नका, जंतू पावसाबरोबर खाली उतरतात. बोरिंगच्या तोंडाभोवती सिमेंटचा उंच ओटा बांधा, केसिंगच्या बाहेरची फट भरलीय का बघा. आणि नवीन शोषखड्डा कोणीही करत असेल तर बोरिंगपासून निदान ५०-६० फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला, यावर कॉलनीच्या मीटिंगमध्ये अडून बसा.

पाणाड्यानं तळहातावरचा नारळ आपोआप उभा राहिला ती जागा दाखवली. तिथेच बोरिंग करू का?

नारळावर पैसे लावू नका दादा. पावसाळ्यानंतर माळव्यात मुरूम जाड असेल तर कुठेही थोडं पाणी लागतंच, त्यामुळे पाणाड्या बऱ्याच वेळा बरोबर ठरतो आणि त्याचं नाव होतं. आजूबाजूच्या दहा बोरिंगना कोणत्या खोलीवर काय लागलं ते वहीत लिहून काढा, मग जमिनीत विजेचा प्रवाह सोडून रेझिस्टिव्हिटी सर्व्हे करणाऱ्याला बोलवा. त्या वहीमुळे त्याचंही काम सोपं होतं.

माझी बहीण वडोदऱ्याला असते, ती म्हणते त्यांच्या फार्मवर कुठेही खोदा पाणी लागतं. आमच्याकडे दहा फुटांवर एक बोरिंग भरलेली आणि दुसरी कोरडी. असं का?

कारण बहिणीच्या पायाखाली नद्यांनी आणून टाकलेली वाळू आणि गाळ आहे, आणि तुमच्या पायाखाली कातळ. वाळूत पाणी सगळीकडे सारखं पसरतं, वाळूच्या गाळासाठी त्याच सरकारी हिशेबात १६ टक्के धरतात, आपल्या आठपट. वडोदरा शहर आजही आपल्या पाण्याचा मोठा भाग मही नदीतल्या फ्रेंच वेलमधून घेतं, फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा इथे त्या आहेत. बहिणीकडे गेलात तर फाजलपूरची बाहेरून तरी बघून या. नदीपात्रात मोठा उभा सिमेंटचा हौद आणि त्याच्या तळातून चारी बाजूंना वाळूत पसरलेले आडवे जाळीदार पाइप, नदीचं पाणी वाळूतून गाळून आत येतं. वरच्या ताईंना मी ज्या गाळणीबद्दल सांगितलं ती ही.

वाळूतून पाणी किती जाईल हे बसून गणितानं काढता येतं, आणि ते गणित १८५६ मध्ये हेन्री डार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं दिलं. दिजाँ शहराला पाणी पुरवताना त्यानं वाळू भरलेल्या उभ्या नळीतून पाणी सोडून मोजलं, दोन टोकांच्या पाण्याच्या पातळीत फरक जितका जास्त तितकं पाणी जास्त जातं आणि वाळूचा थर जितका लांब तितकं कमी. इतकं साधं आहे ते. वाळूत हा नियम चोख चालतो, आपल्या बेसॉल्टमध्ये बऱ्यापैकी चालतो जर मोठा भाग घेऊन सरासरी काढली तर, आणि कार्स्टच्या भुयारात तो मोडतो, तिथे पाणी नदीसारखं खळाळत जातं. तुमच्या दोन बोरिंगपैकी एकीला भेग सापडली आणि एकीला नाही, दहा फूट हे अंतर भेगेच्या दृष्टीनं खूप आहे.

सर, मी पुन्हा तीच, बावडीवाली. आजीला तुमचं उत्तर फोनवर आधीच कळलंय, ती हिरमुसली नाही, म्हणाली आपल्या पावसाचं पाणी म्हणजे पण देवाचंच. मला यातच पुढे शिकायचंय. आणि कार्स्ट डोळ्यांनी बघायला जवळ कुठे जाऊ?

हे वाचून खूप बरं वाटलं बेटा. एमएस्सी जिऑलॉजी किंवा हायड्रोजिऑलॉजी कर, वडोदऱ्याच्या एमएस युनिव्हर्सिटीत जिऑलॉजीचा जुना विभाग आहे, रुडकीला राष्ट्रीय जलविज्ञान संस्था आहे. पण केमिस्ट्री सोडू नकोस, कारण पाणी कुठून आलं हे आता पाण्यालाच विचारतात. १९५० आणि ६० च्या दशकात हवेत अणुबाँबच्या चाचण्या झाल्या तेव्हा पावसात ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, वाढलं, त्याचं अर्धं आयुष्य १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं, त्यावरून कळतं की विहिरीतलं पाणी त्या काळानंतरच्या पावसाचं आहे की त्याआधीचं. लिंबू न सोडता, रंग न सोडता.

आणि आजपासून एक काम सुरू कर. बावडीत दर रविवारी सकाळी, कोणी मोटर लावायच्या आधी, टेप सोडून पाण्याची पातळी मोज, काठावर एक खूण कर आणि तिथूनच मोज, तारीख आणि आदल्या आठवड्यातला पाऊस शेजारी लिही. पाऊस पडल्यावर किती दिवसांनी पातळी वर येते ते बघ. कार्स्टमधला झरा काही तासांत फुगतो आणि तसाच ओसरतो, तुमची बावडी किती वेळ घेते त्यावरून तिच्या भोवतीचा खडक कसा आहे ते तुला पुस्तकाशिवाय समजेल.

कार्स्ट बघायला बस्तरला जा, जगदलपूरजवळ कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात कुटुमसरची गुहा आहे, चुनखडकातली. मेघालयात तर याहून फार मोठ्या आहेत, जैंतिया हिल्समधली क्रेम लियात प्राह ३० किलोमीटरहून लांब आहे, पण तिथे नंतर कधीतरी. कुटुमसर पावसाळ्यात बंद असते कारण आत पाणी भरतं, म्हणून दिवाळीनंतर जा, गाइड आणि चांगली टॉर्च घे. सगळे लोक वर लटकणारे चुन्याचे खांब बघतात, तू टॉर्च खाली भिंतींवर मार, पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते तिथल्या चिखलाच्या रेघेवरून दिसेल, टेप बरोबर असेल तर तीही उंची वहीत लिही आणि मला कळव.